गुड फ्रायडेला न केलेली सही: नियम सांगायचा होता की येशूचं नाव?

खलाशी लाइनची
८ एप्रिल २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले.

मी नागपूरची. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत अकरा वर्षं काम करते आहे. कोणतं कार्यालय ते कृपया विचारू नका.

यंदा गुड फ्रायडे २९ मार्चला आला. सुट्टीचा दिवस, पण मार्च एंड म्हटल्यावर लेखा शाखेला कसली सुट्टी. ३१ तारखेला ईस्टर, त्यात रविवार, आणि त्या दिवशीसुद्धा सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. मी साहेबांना आधीच विनंती केली होती, की बारा ते तीन आमची क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, ती करून येते. ते लगेच हो म्हणाले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

तीन वाजता चर्चमधून निघाले ती थेट ऑफिसात. अंगावर पांढरी साडी, पर्समध्ये गीतांचं पुस्तक, सकाळपासून उपास. सातव्या उद्गाराला, 'हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो', इथे मला दरवर्षी रडू येतं, त्यामुळे डोळेही सुजलेले.

टेबलावर एका नालीच्या कामाचं देयक होतं. १८० मीटर. कार्यादेश आचारसंहितेच्या आधीचा, एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, २६ मार्चला मोजमाप घेतल्याची नोंद, खाली सह्या. कागद सगळे सरळ. पण ती नाली माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. आदल्याच संध्याकाळी प्रभुभोजनाच्या उपासनेला जाताना मातीचा ढीग रस्त्यावर आला म्हणून मी तिथे स्कूटी थांबवली होती. एका किराणा दुकानासमोर नाली संपते. त्याच्या पुढे जमिनीवर चुन्याची रेघ आहे, बस. साठ-सत्तर मीटरच्या वर काम झालेलं नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, काम मे महिन्यात होतंच आहे. निधी परत गेला तर त्या वस्तीलाच नाली मिळणार नाही. पावसाळ्यात घरात पाणी शिरेल त्यांच्या." हेही खोटं नव्हतं, म्हणूनच मला जड गेलं. मी म्हटलं, माझ्याकडून नाही होणार. त्यांनी विचारलं, "का नाही होणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मी येशूची आहे. आत्ता त्याच्या क्रुसापाशी बसून आले. तिथून उठून येऊन खोट्या मापावर सही कशी करू?"

शाखेत सगळे गप्प झाले. साहेब म्हणाले, "धर्म चपलेसारखा दाराबाहेर काढून यायचा असतो मॅडम. हे शासनाचं ऑफिस आहे."

टिपणीवर मी एवढंच लिहिलं: 'प्रत्यक्ष मोजमापाची खातरजमा करून देयक फेरसादर करावे.' देयक निघालं नाही, निधी गेला. २ तारखेला मला आवक-जावकला बसवलं. आज कारणे दाखवा नोटीस मिळाली, सात दिवसांत खुलासा मागितला आहे. तिच्यात एक वाक्य आहे: 'धार्मिक कारण पुढे करून शासकीय कामास नकार दिला.'

सही केली नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही. पण नियम हाताशी असताना मी येशूचं नाव का घेतलं, यानं झोप लागत नाही. आमच्या मंडळीतही दोन तट आहेत. काही जण म्हणतात, हीच साक्ष. काही म्हणतात, तू उगाच त्यांच्या हातात कोलीत दिलंस. तुम्हाला काय वाटतं?


जुनं कोषागार
९ एप्रिल २०२४, सकाळी ६:१५

पाडव्याच्या शुभेच्छा बाई. गुढी उभारायच्या आधी तुमचा धागा वाचला, म्हणून आधी उत्तर देतो.

मी ३४ वर्षं कोषागारात काढली. तुम्ही टिपणीवर जे लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यात देव नाही, धर्म नाही, कोणावर आरोपही नाही. तोंडी जे बोललात ते नस्तीत, म्हणजे फाइलीत, नव्हतं. नोटिशीनं ते नस्तीत आणलं आहे, आणि मुद्दाम आणलं आहे. वाद धर्माचा झाला की मग मीटर कोणी मोजत नाही. तुमच्याकडून 'हो, माझ्या श्रद्धेमुळे' असं लेखी आलं की ११० मीटर नाली कायमची गायब समजा.

खुलाशात फक्त तारीख, एम.बी.चं पान आणि तुमची टिपणी. त्या पानाची प्रत आजच मागून ठेवा, लेखी मागा, पोच घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ऑफिसात देवाचं नाव नको. मी गजानन महाराजांचा भक्त. घरी पोथी वाचल्याशिवाय पाणी घेत नाही. पण टेबलावर महाराजांचं नाव काढून कधी कोणतं बिल अडवलं नाही आणि सोडलंही नाही.


मेकोसाबाग
९ एप्रिल २०२४, सकाळी ११:०२

बेटा, मी निवृत्त शिक्षक, तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन. कोषागारवाल्या भाऊंचा सल्ला खुलाशापुरता तंतोतंत पाळ. पण तू बोललीस त्याची लाज धरू नकोस.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाच. आपण सिंहांच्या गुहेकडे धावतो आणि त्याआधीचं वाचतच नाही. दारयावेश राजाचे १२० प्रांताधिकारी, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, त्यांतला एक दानीएल. त्याला खाली खेचायचं म्हणून बाकीच्यांनी आधी त्याचा कारभार तपासला. म्हणजे त्याचं ऑडिटच केलं. एक चूक सापडली नाही. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की याला पकडायचं तर याच्या देवाच्या बाबतीतच पकडावं लागेल. तुझ्या नोटिशीतलं ते वाक्य वाचून मला हेच आठवलं. मापात तुझी चूक काढता आली नाही, म्हणून धर्म काढला.

दुसरी गोष्ट. त्यानं खिडकी लोकांना दाखवायला उघडली नव्हती. ती आधीपासून उघडीच असायची, दिवसातून तीनदा तो तिथे गुडघे टेकायचा. राजाशिवाय कोणाचीही प्रार्थना करायची नाही, असं फर्मान निघाल्यावर त्यानं ती लावून घेतली नाही, इतकंच. तुला 'का' असं विचारलं गेलं. तू खिडकी लावली नाहीस.

आणि आपल्या बाजूच्या वर्ध्याचंच उदाहरण घे. जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचे ख्रिस्ती, विलायतेत शिकलेले हिशेबतपासनीस, पुढे मगनवाडीत राहून ग्रामोद्योग संघ चालवला. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकाला जेवणाखाणासाठी दिवसाला तीन आणे, हा त्यांचा नियम. गांधीजी आपल्या माणसांसह तिथे येणार म्हटल्यावर कुमारप्पांनी कळवलं, की तुमच्या मंडळींचा खर्च या निधीतून होणार नाही, हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे. खुद्द गांधीजींना! आणि हाच माणूस येशूबद्दल कधी गप्प राहिला नाही. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात लोकांवर लाठ्या पडत असताना, ख्रिस्ताच्या शिकवणीचं काय झालं, असं त्यांनी कलकत्त्याच्या बिशपांना पत्र लिहून विचारलं. तीन आण्यांचा हिशेब आणि बिशपांना पत्र, दोन्ही एकाच माणसाचं.


रामटेककर
९ एप्रिल २०२४, दुपारी ३:३०

ताईंच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, आणि तरीही मला पटत नाही ते स्पष्ट लिहितो.

मी एका छोट्या गावचा. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभा असतो. समोर बसलेला कर्मचारी 'मी अमक्या देवाचा' असं उघड म्हणू लागला, तर माझ्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: मी त्याच्या देवाचा नाही, मग माझं काम होईल का? आज ताईंनी येशूच्या नावावर चुकीचं बिल थांबवलं. उद्या दुसरा कोणी रामाच्या किंवा अल्लाच्या नावावर बरोबर बिल थांबवेल. तेव्हा काय बोलायचं? नियम सगळ्यांचा असतो.

आणखी एक. आपल्याच नागपुरातून १९५६ मध्ये नियोगी समितीचा अहवाल निघाला होता, मिशनऱ्यांच्या कामाबद्दल. बऱ्याच लोकांच्या मनात तो संशय अजून आहे. ताई, तुम्ही येशूचं नाव घेतलंत की ऐकणाऱ्याला तुमची सही दिसत नाही, धर्मांतर दिसतं. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. असं होतं, एवढंच सांगतो.


कलम पंचवीस
९ एप्रिल २०२४, रात्री ९:१८

रामटेककर, तुमचा पहिला मुद्दा वजनाचा आहे, त्यावर ताईच बोलतील. मी कायद्याचा विद्यार्थी आहे, दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो.

घटनेच्या २५ व्या कलमात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: धर्म प्रकट करणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं. भांडण नेहमी तिसऱ्यावर होतं. 'प्रसार' हा शब्द काढून टाका, अशी मागणी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीतही झाली होती, पण तो राहिला. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. ठीक. पण ताईंनी प्रसार कुठे केला? 'का' असं विचारल्यावर आपण कोण ते सांगितलं. ते 'प्रकट करणं' झालं, कलमातला पहिलाच शब्द.

नियोगी समितीचं म्हणाल तर तिच्यात वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती सदस्यही होते. गांधीवादी माणूस. स्वतःच्या समाजाची नाराजी ओढवून घेऊन त्यांनी ते काम केलं. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटावेत असं नाही, मलाही सगळे पटत नाहीत. पण ख्रिस्ती माणूस सार्वजनिक कामात नेहमी स्वतःच्या समाजाचाच वकील असतो, हे त्यावरून तरी दिसत नाही.

घटना समितीतच बघा. उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती, अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षही तेच. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती, आणि त्या आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेल्या होत्या, ज्याची राजधानी नागपूर. धर्माच्या नावावर राखीव जागा आम्हाला नकोत, असं सांगण्यात ख्रिस्ती प्रतिनिधी पुढे होते. अमृत कौर पुढे दहा वर्षं देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. दिल्लीच्या एम्सचा कायदा त्यांनी मांडला आणि सिमल्याचं स्वतःचं घरही एम्सला देऊन टाकलं. ते रुग्णालय कोणाला धर्म विचारून दारात घेत नाही.


इंदोरा चौक
१० एप्रिल २०२४, सकाळी ८:०५

मी बौद्ध आहे. माझं मत सरळ आहे: ताईंनी बोलायला हवं होतं, आणि बोलल्या ते उत्तम झालं. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी भर दिवसा, सगळ्या जगासमोर आपला धम्म सांगितला, तिथे एका बाईनं आपल्या देवाचं नाव घेतलं तर ऑफिस कोसळत नाही.

पण मला ख्रिस्ती बांधवांना एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो टोचेल. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं रविवारी चर्चला जातात, घरात क्रूस आहे, मुलांचा बाप्तिस्मा झालेला आहे. दाखल्यावर मात्र धर्म हिंदू आणि जुनी जात. कारण मला माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आम्ही बौद्ध आलो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही तो दर्जा नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. पण तोवर काय? ताईंनी खोट्या मापावर सही केली नाही. जातीच्या दाखल्याचा अर्ज भरताना तुमच्यातले किती जण हेच म्हणतात?


नाव नको
११ एप्रिल २०२४, रात्री १:४७

इंदोरा चौक यांच्या प्रश्नाचं उत्तर मी आहे. या धाग्यासाठीच नवीन आयडी काढला.

आजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो. दाखल्यावर हिंदू. त्या दाखल्यावर शिकलो, त्याच दाखल्यावर नोकरी लागली. घराजवळ दोन चर्च आहेत, तिथे जात नाही. बारा किलोमीटर लांब जातो, तिथे ऑफिसचं कोणी भेटत नाही. नाताळला दिवाणखान्यात तारा लावत नाही, आतल्या खोलीत लावतो.

धागा काढणाऱ्या ताई त्या दिवशी उपासाच्या पोटी उपासनेला बसल्या होत्या. त्याच दिवशी मीसुद्धा ऑफिसात होतो, मार्च एंडमुळेच. माझाही उपास होता. दीड वाजता सगळे जेवायला बसले आणि मी डबा उघडला. न जेवता बसलो असतो तर कोणीतरी विचारलं असतं. बायकोनं डबा दिलाच नव्हता, मीच सकाळी उठून कालची पोळी-भाजी भरून घेतली होती. दुपारी दीड वाजता, उपासनेची वेळ चालू असताना, मी पोळी चावत होतो आणि सहकाऱ्यांशी मतदानाच्या ड्युटीबद्दल बोलत होतो.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात विचारत होता, "पप्पा, आपण येशूला लाजतो का?"

मला सल्ला नको आहे. नोकरी सोड म्हणणाऱ्यांनी माझ्या आईची औषधं आणि घराचा हप्ता आधी बघावा. फक्त ताईंना सांगायचं होतं: तुम्ही तोंडानं जे बोललात ते मी बावीस वर्षांत एकदाही बोललो नाही. ते बोलायला नको होतं असं कृपा करून म्हणू नका.


इंदोरा चौक
११ एप्रिल २०२४, सकाळी ७:३०

दादा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि माझ्या वाक्यातला चढा सूर मला टोचला. माफ करा.

आमच्याही घरात भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत, शाळेच्या दाखल्यावर मात्र वेगळंच, असा काळ होता. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. माझ्या वडिलांनी ती कात्री सोसली आहे. प्रश्न मी मागे घेत नाही, पण तो तुम्हाला विचारण्याआधी सरकारला विचारायला हवा होता. निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कामासाठी नेमला आहे. नागपूरच्या दलित ख्रिस्ती लोकांनी त्यांच्यापुढे निवेदन द्यायचं ठरवलं तर मसुद्याला मी बसेन. बौद्ध म्हणून बसेन.


रात्रपाळी
११ एप्रिल २०२४, दुपारी २:१०

सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, लांब लिहायला वेळ नाही. पाळी सुरू होताना औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहून मी मिनिटभर डोळे मिटते. सोळा वर्षं झाली. सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. कोणी म्हटलं, "सिस्टर, माझ्यासाठी पण करा", तर नाव विचारून करते. कोणी नाही म्हटलं तर त्याचं सलाईन त्याच हातानं, तितक्याच सावकाश लावते. रामटेककर दादा, तुम्हाला खिडकीसमोर वाटणारी भीती मी समजू शकते. पण ती माझ्या गप्प राहण्यानं जाणार नाही. तुमचं सलाईन नीट लागलं तरच जाईल.


खलाशी लाइनची
१२ एप्रिल २०२४, रात्री ११:२०

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे. दिवसभर निवडणुकीचं काम, १९ तारखेला आपल्याकडे मतदान.

'नाव नको' दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. सल्ला देत नाही. मी जन्मापासून कागदावर ख्रिस्ती, त्यामुळे मला प्रकट व्हायला काही मोजावं लागलं नव्हतं, हे तुमच्यामुळे पहिल्यांदा कळलं. बोलायला नको होतं असं मी आता म्हणणार नाही. तुमच्या मुलासाठी मी रोज प्रार्थना करते आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, देवाला माहीत आहे.

रामटेककर दादा, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. तुम्ही म्हणता ती भीती खरी आहे. पण मला एक फरक दिसतो. येशूचं नाव घेऊन मी तुमचं हक्काचं काम अडवलं, तर ते पाप आहे आणि गुन्हाही. येशूचं नाव घेऊन मी स्वतःला चुकीच्या कामापासून अडवलं, तर तुमचं काय गेलं? जक्कयाची गोष्ट आम्हाला शब्बाथशाळेत शिकवतात. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कयानं काय सांगितलं? ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. त्याचा विश्वास लोकांना परत आलेल्या पैशात दिसला. त्यांतल्या कोणाला त्यानं आधी 'तू कोणाचा' असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

मात्र मेकोसाबागचे काका, तुम्ही सांगितलेली दानीएलाची गोष्ट मला जरा लागलीही. दानीएलाचा कारभार आधीपासून चोख होता. माझा? गेल्या अकरा वर्षांत अशी चार-दोन देयकं असतील, जिथे मला शंका आली होती आणि मी नजर खाली करून पुढे ढकलली. तेव्हा मी येशूची नव्हते का? त्या दिवशी क्रुसापासून उठून आले होते म्हणून अंगात बळ होतं. मंगळवारी तेच देयक आलं असतं तर? खरी झोप उडाली आहे ती या विचारानं, नोटिशीनं नाही. साहेबांना धक्का बसला तोही कदाचित यामुळेच. खिडकी अकरा वर्षं बंद होती आणि एका दुपारी धाडकन उघडली.


मेकोसाबाग
१३ एप्रिल २०२४, सकाळी ६:५०

बेटा, हे तू इथे लिहिलंस यातच सगळं आलं. देवापाशी बोल आणि आजपासून पुढचं देयक बघ.

एक गोष्ट तुझ्या कामाची आहे म्हणून सांगतो. मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये सरकारचा भाषांतरकारही होता. सतीबंदीचा कायदा ४ डिसेंबर १८२९ ला झाला, आणि बंगाली भाषांतरासाठी तो मसुदा केरीच्या हातात आला तो रविवारी. त्या दिवशी त्याला उपदेश करायचा होता. त्यानं उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि दिवसभर बसून भाषांतर पुरं केलं. एका दिवसाच्या उशिरानं एखादी बाई चितेवर जाऊ शकत होती. म्हणजे उपासनेला जायचं आणि उपासनेतून उठून टेबलावर यायचं, यात तू म्हणतेस तसं अंतर नसावंच. मंगळवार काय आणि शुक्रवार काय.


रामटेककर
१३ एप्रिल २०२४, सकाळी १०:१५

ताई, तुमचा फरक मला पटला. स्वतःला अडवणं वेगळं, दुसऱ्याला अडवणं वेगळं. टेबलावर नाव घेऊ नये हे माझं मत अजून तसंच आहे, पण तुम्ही घेतलंत म्हणून तुम्हाला दोष देणार नाही.

एक विचारतो. त्या नालीचं माप आता कोणी घेतलं आहे का? जागा सांगितलीत तर मी रविवारी नागपुरात आहे.


जुनं कोषागार
१३ एप्रिल २०२४, सकाळी १०:४०

रामटेककर, मुद्द्याचं बोललात. सार्वजनिक रस्त्यावर टेप लावायला कोणाची परवानगी लागत नाही. फोटो काढा, तारीख-वेळ येईल असे. बाई, तुम्ही स्वतः तिथे जाऊ नका. त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून जागा कळवा.

खुलाशाचा मसुदा मलाही व्यनि करा. एक वाक्य माझ्याकडून घ्या: 'मोजमापाबाबतची शंका दि. २९/०३/२०२४ च्या टिपणीत नमूद केली असून तिचे निराकरण अद्याप झालेले नाही.' धार्मिक कारणाच्या वाक्याला खुलाशात उत्तरच देऊ नका. तोंडी विचारलं तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तिथे मी तुम्हाला गप्प राहा असं आता म्हणणार नाही.


इंदोरा चौक
१३ एप्रिल २०२४, दुपारी १२:३०

रामटेककर, मीही येतो. उद्या १४ एप्रिल, सकाळी दीक्षाभूमीवर जाणार आहे. तिथून अकराला मोकळा होईन. माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे.


खलाशी लाइनची
१५ एप्रिल २०२४, संध्याकाळी ७:५५

खुलासा दिला. सात ओळी. पोच घेतली.

दुपारी वरिष्ठांनी बोलावलं. आमचे साहेबही होते. वरिष्ठांनी विचारलं, "धार्मिक कारणाचं काय आहे हे?" मी म्हटलं, "सर, कारण मोजमापाचं आहे, ते टिपणीत लिहिलं आहे. त्या कारणावर उभं राहायचं बळ मला माझ्या प्रभूकडून मिळालं, तेही खरं आहे. कोणी विचारलं तर मी ते लपवणार नाही. पण त्यावर तुम्ही निर्णय देऊ नका, मापावर द्या." पाय लटपटत होते.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग साहेबांना म्हणाले, मतदान झालं की जागेवर जाऊन मोजू, एम.बी. माझ्याकडे ठेवा. माझं टेबल आवक-जावकच आहे. बाहेर आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "जेवलात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

फोटो मिळाले, दोघांचे मनापासून आभार. खुलाशाला जोडले नाहीत, जागेवर मोजणी होईल तेव्हा देईन.


इंदोरा चौक
१५ एप्रिल २०२४, रात्री ८:२०

ताई, इतरांसाठी इथेही लिहून ठेवतो. रामटेककरांनी एक टोक धरलं, मी दुसरं. दोनदा मोजलं. ६८ मीटर. किराणा दुकानदार विचारत होता, "तुम्ही सरकारी माणसं का जी? बाकीची नाली कधी करता?" त्याच्या दुकानामागच्या सात घरांची नावं त्यानं स्वतःहून लिहून दिली, मागच्या पावसाळ्यात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांची. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. उरलेल्या ११२ मीटरसाठी नव्यानं निधी मागायचा अर्ज त्या घरांच्या सह्यांनी जाईल, कोषागार काका मसुदा बघून देणार आहेत.

'नाव नको' दादा, रविवारी सह्या घ्यायला जातो आहोत. बारा किलोमीटरवरून परत येताना वाटेतच पडतं. या.


नाव नको
१६ एप्रिल २०२४, रात्री १२:३५

किती वाजता?